वेब नव्या सेटिंगवर, वर्कर जुन्याच

लासलगावच्या कांदा लिलावाच्या नोंदी ठेवणारं साधं वेब अ‍ॅप घ्या. बाहेरून एकच दिसतं, पण सर्व्हरवर तीन प्रकारच्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्राम, चालू असतात: पानं दाखवणारं वेब, हिशोबपट्टीचे एसएमएस सोडणारा वर्कर आणि ठरल्या वेळी कामं लावणारा शेड्युलर. तिघांचा कोड एक, सेटिंगची फाइलही एक. सामाईक सातबाऱ्यासारखा प्रकार आहे: नाव सगळ्यांचं, लक्ष कुणाचंच नाही.

फाइल एक असली तरी प्रत्येक प्रोसेस ती सुरू होतानाच वाचते, नंतर ढुंकूनही बघत नाही. एसएमएस पोचवणाऱ्या सेवेची, म्हणजे गेटवेची, की (पासवर्डसारखा गुप्त कोड) बदलली, डॉट ईएनव्हीमध्ये, म्हणजे याच सेटिंगच्या फाइलमध्ये, नवी टाकली आणि फक्त वेब रिस्टार्ट केलं, तर वेबकडून जाणारे ओटीपी व्यवस्थित जातात. वर्करकडून जाणाऱ्या हिशोबपट्ट्या मात्र अडकतात. मग शोधाशोध गेटवेत सुरू होते. सिस्टमडीत, म्हणजे लिनक्सवर या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत, नुसतं रिलोड करून भागत नाही. त्या फाइलवर चालणाऱ्या तिन्ही सर्व्हिस रिस्टार्टच कराव्या लागतात.

टाइमझोनचा घोळ याहून चिवट, कारण त्यात एरर येतच नाही. वेब भारतीय वेळेवर आणि वर्कर यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर वर्करची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. 12 तारखेला पहाटे चारला आलेला ट्रॅक्टर वर्करच्या आवक अहवालात 11 तारखेला पडतो. दुपारच्या गाड्या बरोबर दिसतात, म्हणून आठवडाभर कुणाला शंकाही येत नाही. वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीतच ठेवा, पण दिवस काढताना कोडमध्ये एशिया/कोलकाता हे भारतीय वेळेचं नाव स्पष्ट लिहा. सर्व्हरच्या घड्याळावर विसंबू नका.

कनेक्शन पूलचा, म्हणजे प्रोसेस डेटाबेसशी किती जोडण्या उघडू शकते याचा, आकडाही असाच फसवतो. पूल 20 लिहिला की तो प्रत्येक प्रोसेसला वेगळा मिळतो. वेबच्या 4 आणि वर्करच्या 2 प्रोसेस धरल्या तर 120 कनेक्शन. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूजरसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, राखीव. एरवी सगळं सुरळीत. लिलावाच्या ऐन गर्दीत मात्र डेटाबेस नवी कनेक्शन नाकारतो. मर्यादा वाढवण्याआधी पूल 10 करून बघा.

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये दोन सर्व्हरवर सीक्रेट की, म्हणजे लॉगिन खरं आहे हे तपासायला लागणारा गुप्त कोड, वेगळी असेल, तर सर्व्हरांमध्ये गर्दी वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने दुसरीकडे पाठवताच माणूस लॉगआउट होतो. आणि एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे प्रोसेसला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगमधून, येणारं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं. पायथनमध्ये 'फॉल्स' ही स्ट्रिंग थेट बूलमध्ये, म्हणजे हो-नाही ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये, टाकली तर ट्रू होते, आणि बंद केलेला डीबग मोड (चुकांचे आतले तपशील दाखवणारा) लाइव्ह साइटवर चालू राहतो.

सेटिंग एकाच मॉड्यूलमध्ये वाचाव्यात, तिथेच प्रकार तपासावा, आणि आवश्यक सेटिंग नसेल तर प्रोसेस सुरूच होऊ देऊ नये. पानावर किती ओळी दाखवायच्या याला डिफॉल्ट, म्हणजे काही न लिहिल्यास धरायची किंमत, चालतो. डेटाबेसच्या पत्त्याला आणि सीक्रेट कीला अजिबात नको.

चालू वर्करला नक्की काय मिळालंय हे बघायचं तर लिनक्सच्या प्रोक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली एन्व्हायरन नावाची फाइल असते. मात्र डॉट ईएनव्ही फाइल वाचणाऱ्या पायथन-डॉटईएनव्ही या लायब्ररीने मागाहून भरलेल्या किंमती तिथे दिसत नाहीत. शिवाय आधीपासून असलेली किंमत ती लायब्ररी आपणहून बदलत नाही. म्हणजे एकच सेटिंग सिस्टमडीतही असेल आणि डॉट ईएनव्हीतही, तर सिस्टमडीची चालते.