विषय सुचला, आता प्रश्न शोधा

आज दिवसभर पीएचडीला नव्याने लागलेल्यांचे आराखडे वाचले. बहुतेकांकडे विषय आहे, प्रश्न नाही. ‘स्थलांतर आणि स्त्रिया’ हा विषय झाला. नवरा कामासाठी बाहेर गेल्यावर शेतीचे निर्णय कोण घेतं, आणि तो परतल्यावर ते कुणाकडे जातात, हा प्रश्न. एवढं नेमकं झालं की मुलाखती लागतील, दप्तरखान्यातले कागद की जनगणनेचे आकडे, हेही ठरवता येतं.

वाचनाचं म्हणाल तर शेकडो पीडीएफ साठवून काही होत नाही. प्रत्येक लेखामागे चार ओळी लिहा: दावा, पुरावा, पद्धत, आणि आपल्या प्रश्नाला तो कुठे कमी पडतो. उतारा घेताना अवतरणचिन्हं आणि पानक्रमांक तिथल्या तिथे टाका. नाहीतर दोन वर्षांनी आपलं वाक्य कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं, कळत नाही. संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे. फक्त आपोआप भरलेल्या नोंदी एकदा तपासा, सालं आणि आडनावं अनेकदा चुकलेली असतात.

माणसांशी बोलणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी मुलाखतींच्या आधी घ्या, नंतर नाही. अर्जाला संमतिपत्र, प्रश्नावली, नावं कशी लपवणार, ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, हे सगळं जोडावं लागतं. आणि तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास सहज जातात. वेळापत्रकात हे जवळपास कुणीच धरत नाही!

मार्गदर्शकांशी बोलणं झालं की काय ठरलं ते त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवून द्या.