पैसे कुणी खाल्ले? – मी नाही, हा!

न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमागे, ५२ चेंबर्स स्ट्रीटवर ट्वीड कोर्टहाउस आहे. ट्वीड म्हणजे त्या काळचा शहराचा बडा पुढारी; याच इमारतीच्या कामात त्याच्या टोळीने लोकांचे पैसे खाल्ले. आत सोडतात ते आधी नाव नोंदवून, गटाने. सगळे माना वर करून काचेचं छत बघत बसतात. बघायचे ते जिने नि कठडे. बरंचसं बिडाचं, लाकूडकाम शोधावं लागतं. तरी सुताराचं एका महिन्याचं बिल ३,६०,७५१ डॉलर, आणि प्लॅस्टरवाल्या गार्वीचं दोन दिवसांचं १,३३,१८७! मूळ अंदाज अडीच लाखांचा होता, खर्च गेला कोटीच्या वर. ही बिलं डोक्यात ठेवूनच पुढे जावं, नाहीतर या लुटीवरच्या व्यंगचित्रातला अर्धा विनोद वाया जातो.

पुढे म्हणजे न्यू जर्सीत मॉरिसटाउनला. पेन स्टेशनवरून गाडी आहे. व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट याच गावात राहिला, आणि त्याच्या घरासमोरच्या मॅकलॉक हॉल संग्रहालयात त्याच्या कामाचा मोठा साठा आहे. उघडं असतं आठवड्यातल्या मोजक्या दुपारी. कागद जपायचा म्हणून उजेड मंद, वर काचेत आपलंच तोंड दिसतं. नॅस्ट बघायला जाताना भिंग घेऊन जा. आम्ही नेलं नव्हतं, तीच मोठी चूक.

कारण १९ ऑगस्ट १८७१ च्या ‘हार्पर्स वीकली’तलं ते चित्र लांबून बघण्यातलं नाही. डावीकडे पोट सुटलेला ट्वीड, शर्टावर हिरा. लोकांचे पैसे कुणी चोरले, असं विचारलं की गोल उभा राहिलेला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट करतो. कोटा-टोप्यांवर ठेकेदारांची नावं नि कामं लिहिलेली. एकाच्या पाठीवर ‘टॉम, डिक अँड हॅरी’, म्हणजे आपले सोम्यागोम्या.

हे सगळं छपाईसाठी लाकडी ठोकळ्यावर उलटं काढायचं, अक्षरांसकट. छापात डावीकडचा ट्वीड ठोकळ्यावर उजवीकडे. लाकूड बॉक्सवुडचं, आडवं कापलेलं. या झाडाचं खोड बारीक असतं, म्हणून पानभर चित्रासाठी छोटे तुकडे मागून बोल्टने आवळत. चित्र काढून झालं की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटत. पांढरं राहायचं तेवढं कोरून काढायचं, रेघ उभी ठेवायची. पुन्हा जोडल्यावर एक जाणता कारागीर सांध्यावरच्या रेघा जुळवी. लाकूड आकसलं किंवा बोल्ट सैल पडला की सांध्यात शाई धरत नाही, आणि चित्रात केसाएवढी पांढरी रेघ उमटते. ती दिसते का, हेही भिंगातून शोधायचं. आठवड्याच्या अंकाला पुरं पडायला ही वाटणी लागायचीच.

संग्रहालयात बाकीच्या खोल्या, फर्निचर वगैरे आहेत, ठीक.

१८७३ मध्ये ट्वीडवरचा खटला याच अर्धवट कोर्टहाउसमध्ये चालला. १८७५ ला तो कैदेतून पळाला, १८७६ मध्ये स्पेनमध्ये सापडला. ओळख पटली ती म्हणे नॅस्टच्याच चित्रावरून. १८७८ मध्ये तो तुरुंगात मेला. कोर्टहाउसचं काम पुरं झालं १८८१ ला.