विचारणारा माणूस

रविवार, रात्री. अंबाजोगाई.

आज सकाळी मोंढ्यातल्या टपरीवर पुन्हा क्रिकेट समालोचक हर्षा भोगलेवरून जुंपली. संघावरून नाही, खेळाडूवरून नाही, त्यांच्याबद्दल बोलणाऱ्या माणसावरून. क्रिकबझवरच्या त्याच्या गप्पा भाचा रोज ऐकतो, गाडीवर जाता-येता एका कानात लावून. जितकं ऐकतो तितकाच चिडतो.

"मामा, हा कुणाला दुखवीतच न्हाई. समदं गोड गोड. आन् मुळात खेळलाय कुठं? रणजी बी खेळला न्हाई. मग बॅट कुठून आली पाहिजे हे त्यानं आम्हाला कामून सांगायचं?"

बप्पांनी बशी खाली ठेवली. "तू त्याला ऐकलायस. मी वाचलंय. दोन्ही सारखं नसतं, लेका."

बप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. हर्षावर त्यांचा जीव आहे, त्याचं निम्मं कारण हैदराबाद. त्यांचे वडील निजामाच्या काळात शिकायला तिकडे गेलेले. 1956 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, सगळं दप्तर, कोर्टकचेरी, कॉलेज हैदराबादकडे तोंड करून होतं, त्यामुळे तिथल्या मराठी घरांबद्दल बप्पांना अजून घरच्यासारखी आपुलकी. हर्षाचे वडील तिथे फ्रेंचचे प्राध्यापक, आई मानसशास्त्राची. पोरगा उस्मानियातून केमिकल इंजिनिअर झाला, अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेला, पण त्याआधीच, एकोणिसाव्या वर्षी, आकाशवाणी हैदराबादवर समालोचन करायला लागला होता. 1991-92 च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओनं त्याला बोलावून घेतलं. असा बोलावलेला तो पहिला भारतीय. बप्पा हे दर वेळी सांगतात आणि दर वेळी "आपल्या हैदराबादचा" असंच म्हणतात.

मला मात्र भाच्याच्या प्रश्नानं दिवसभर सोडलं नाही. "खेळला नाही तर बोलतो कशाला" हा प्रश्न मी मैदानावर माइक हातात घेतो तेव्हा मलाही विचारतात. मी कॉलेजकडूनही खेळलेलो नाही. स्कोअर लिहीत लिहीत माइकपर्यंत आलो. म्हणून हे आज नीट लिहून ठेवतो.

हा वाद भारतातल्या पहिल्या दिवस-रात्र कसोटीत उघडउघड झाला होता. ईडन गार्डन्स, नोव्हेंबर 2019, समोर बांगलादेश, गुलाबी चेंडू. त्यांच्या फलंदाजांच्या हेल्मेटवर एकामागून एक चेंडू बसत होते. लिटन दास आणि नईम हसन यांना डोक्याला मार बसल्यामुळे बाहेर काढून बदली खेळाडू आणावे लागले. हर्षा म्हणाला की हा चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारायला हवं. शेजारी संजय मांजरेकर होते, 37 कसोटी खेळलेले. ते म्हणाले, तुला विचारावं लागतं, आम्ही खेळलोय, आम्हाला अंदाज असतो. त्यावर हर्षानं शांतपणे सांगितलं की खेळलेलं असणं ही शिकण्याची मर्यादा होता कामा नये, नाहीतर टी-ट्वेंटी आलंच नसतं.

पुढे मांजरेकरांनी आपलं चुकलं हे मोकळेपणानं मान्य केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. माझा मुद्दा त्या भांडणाचा नाही, प्रश्नाचा आहे. गुलाबी चेंडूवर कसोटी त्या दोन्ही संघांतलं कुणीच आधी खेळलेलं नव्हतं. मग "आम्ही खेळलोय" यातून कळणार काय? खेळलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या विचारायच्या असतात हेच त्याच्या ध्यानात येत नाही. बाहेरचा माणूस विचारतो, कारण त्याला खरंच माहीत नसतं. आणि घरी बसलेल्या आपल्यासारख्यांनाही तेच माहीत नसतं. म्हणजे हर्षा तिथे आपल्या बाजूनं बसलेला असतो. हे मी टपरीवर बोललो तेव्हा भाचा गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे. त्याच्याकडे पुढचा मुद्दा होता आणि तो खरा वजनदार होता.

"मामा, पण आता खेळाडू सोताच बोलायलेत की. फिरकीवाला अश्विन युट्यूबवर येऊन सांगतो, कॅरम बॉल, म्हंजी बोटानं टिचकी मारून टाकलेला चेंडू, असा सुटतो. मधी दुसरा माणूस पाहिजेच कशाला?"

खरं आहे. अश्विनला ऐकताना मीही वही काढून बसतो. बोट कुठं, मनगट कुठं, फलंदाजाचा पुढचा पाय कुठं पडला, हे त्याच्याइतकं कोण सांगणार? 2023 च्या आयपीएलमध्ये मोबाइलवर मराठी समालोचन होतं, तेव्हा केदार जाधव तिथे बोलत होता. मोसम चालू असतानाच बंगळुरूच्या संघानं त्याला डेव्हिड विलीच्या जागी बोलावून घेतलं. माइक ठेवला आणि पॅड बांधले. त्या दिवशी भाच्याला झालेला आनंद मला आठवतो. खेळाडू आणि समालोचक यांच्यातली भिंत आता अशी पातळ झालीय, यात वाईट काही नाही.

तरीही मधला माणूस लागतोच. खेळाडू स्वतःच्या वाहिनीवर बोलतो तेव्हा काय सांगायचं आणि काय ठेवायचं हे तोच ठरवतो. समोर विचारणारा असला की त्याला न ठरवलेल्या ठिकाणी जावं लागतं. बरं, विचारणाराही दोन प्रकारचा असतो. एक आपलीच हुशारी दाखवायला विचारतो, दुसरा उत्तर ऐकायला. हर्षा दुसऱ्यातला. त्याच्या गप्पा ऐकताना मी एक बघितलंय: प्रश्न लहान असतो आणि नंतर तो थांबतो. समोरच्याला थांबावंसं वाटत नाही, मग तो आणखी दोन वाक्यं बोलतो, आणि खरं ते त्या दोन वाक्यांत असतं.

"दुखवीत नाही" हा आरोप मात्र मला अजिबात मान्य नाही. सप्टेंबर 2022, लॉर्ड्स, झूलन गोस्वामीचा शेवटचा सामना. दीप्ती शर्मानं चेंडू टाकण्याआधी गोलंदाजाच्या टोकाची क्रीज सोडलेल्या इंग्लंडच्या चार्ली डीनला धावबाद केलं, भारत 16 धावांनी जिंकला आणि इंग्लंडच्या पेपरांनी खेळभावनेवरून दीप्तीला झोडपलं. हर्षानं ट्विटरवर एकापाठोपाठ एक लिहून सांगितलं की हा नियमाचा नव्हे, संस्कृतीचा प्रश्न आहे. इंग्रजांना ते चूक वाटलं आणि ज्या देशांवर त्यांनी राज्य केलं, त्यांनाही त्यांनी ते चूक म्हणून शिकवलं. इंग्लंडच्या बेन स्टोक्सनं त्याला उलट उत्तर दिलं, चांगली खडाजंगी झाली. याला गोड गोड म्हणायचं? आवाज चढत नाही म्हणून भूमिका नाही, असं होत नाही.

मग भाच्याला तो गुळमुळीत का वाटतो? मला वाटतं, आपण एकाच माणसाला तीन ठिकाणी ऐकतो आणि तिन्हीकडे एकच माप लावतो. माइकवरचा हर्षा वेगळा, लेखातला वेगळा, गप्पांतला वेगळा.

माइकचं काय असतं ते मला आतून माहीत आहे. आमच्याकडे आमदार चषकाचे टेनिस बॉलचे सामने असतात, रात्रीचे, हॅलोजन लावून. मंडपात टेबलावर माइक, शेजारी स्कोअरर, मागे ॲम्प्लिफायर. गोलंदाज रनअपला निघतो आणि त्याच वेळी डावीकडून हातात चिठ्ठी येते: या षटकारासाठी अमक्या भाऊंकडून पाचशे एक रुपये. चिठ्ठी देणारा तिथून हलत नाही. नाव मोठ्यानं उच्चारलं जाईपर्यंत तो तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. चेंडू पडतो, बॅटची कड लागते, किपरच्या डावीकडून जातो, आणि तुमच्या डोळ्यांसमोर निळ्या शाईतलं ते नाव असतं. मी चिठ्ठी घेतो, टेबलावर उपडी ठेवतो आणि षटक संपल्यावर वाचतो. यावरून आयोजकांशी वाजलंय. "सर, पैसे त्यांचेत" असं ऐकवलं गेलंय. हो, पैसे त्यांचे आहेत. पण समोर मैदानाच्या कडेला खाली बसलेल्या माणसाला चेंडू कुठं गेला ते कळलं पाहिजे, तो त्यासाठी आलाय.

ज्याच्या हातात माइक असतो त्याला तो कुणीतरी दिलेला असतो. मोठ्या पातळीवरही हेच. त्या वर्षांत आपल्याकडच्या सामन्यांचं आणि आयपीएलचं प्रक्षेपण क्रिकेट मंडळ स्वतः तयार करायचं आणि समालोचकांशी करारही तेच करायचं. मार्च 2016 मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात बंगळुरूला आपण बांगलादेशला एका धावेनं हरवलं. त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी कुणाचं नाव न घेता लिहिलं की भारतीय समालोचकानं सारखं दुसऱ्यांच्या खेळाडूंबद्दल बोलण्यापेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. धोनीनं त्याला दुजोरा दिला. एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झालं तेव्हा हर्षा त्यात नव्हता. कारण कुणी जाहीर केलं नाही, त्याला स्वतःलाही कुणी सांगितलं नाही असं त्यानं लिहिलं. दोन्हींचा संबंध होता की नव्हता यावर बप्पा आणि त्यांचे मित्र आजही तासभर बोलू शकतात. मला एवढंच दिसतं की 2020 च्या मार्चमध्ये मांजरेकरांनाही मंडळाच्या यादीतून वगळलं होतं. एक कसोटी न खेळलेला, एक 37 कसोटी खेळलेला. माइक दोघांच्याही हातून सारखाच गेला.

म्हणून माइकवर सांभाळून बोलणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणत नाही. त्याचं मन बघायचं तर त्याचं लिहिलेलं काढून वाचावं लागतं. कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपर उशिरा यायचा, तरी त्याचा स्तंभ मी शोधून वाचायचो. त्या लेखात सामन्याची हकिगत फार नसायची. एखादा खेळाडू अपयशानंतर नेटमध्ये कसा परततो, संघात कुणाला कुठलं काम द्यावं, लहान गावातून आलेल्या पोराची भूक कशी असते, असा एकच धागा धरून तो शेवटपर्यंत जायचा. माइकवर दोन चेंडूंच्या मध्ये अर्धा मिनिट मिळतो. त्यात एवढं मावत नाही. आपल्या मराठीत द्वारकानाथ संझगिरींनी हे काम किती वर्षं केलं! तेही इंजिनिअर, मुंबई महापालिकेत नोकरी. कसोटी खेळलेले नव्हते, तरी त्यांचा लेख वाचून न पाहिलेला सामना पाहिल्यासारखा वाटायचा. फेब्रुवारी 2025 मध्ये ते गेले तेव्हा बप्पांनी दोन दिवस जुनी कात्रणं काढून ठेवली होती. कुणी आलं की वाचून दाखवायचे.

पण बप्पांचं एक मला पटत नाही. त्यांना वाटतं, लेख संपले आणि गप्पा आल्या म्हणजे सगळं उथळ झालं. तसं नाही. आपल्या बीडचा सचिन धस घ्या. 6 फेब्रुवारी 2024, बेनोनी, 19 वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर दक्षिण आफ्रिका. 245 चं लक्ष्य आणि आपले 32 धावांत चार गेलेले. तिथून त्यानं आणि कर्णधार उदय सहारननं 171 जोडल्या. सचिन 96 वर बाद झाला, शतक चार धावांनी हुकलं, पण दोन गडी राखून सामना निघाला. त्या रात्री माइकवरून आकडे कळले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळलं की वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलं आणि आई पोलिसात आहे. पण 32 ला 4 असताना पहिला चेंडू खेळायला जाताना त्याच्या डोक्यात काय होतं, सहारन काय म्हणाला, कुठला गोलंदाज त्यांनी ठरवून खेळून काढला? हे त्यानंच सांगायला हवं, आणि सांगायला एक तास हवा, आणि समोर ऐकणारा हवा. हे काम गप्पांचंच आहे. लेखक कितीही थोर असो, त्याला हे घरी बसून लिहिता येणार नाही.

आणि असे तास क्रिकेटपलीकडेही वाटले गेले पाहिजेत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या शर्यतीत, रौप्य घेऊन आला. सुवर्ण फक्त 0.05 सेकंदानं हुकलं. 1998 पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं राष्ट्रकुलात केनियाच नेत होता. शेवटच्या अडथळ्यावर त्याला काय दिसलं, हे विचारायला कुणीतरी शांत माणूस त्याच्यासमोर तासभर बसावा असं मला फार वाटतं. विचारणारा स्टीपलचेस धावलेला नसला तरी चालेल. त्याला पाण्याच्या खड्ड्यातून पाय कसा काढतात हे खरंच माहीत नसावं आणि माहीत करून घ्यायची तळमळ असावी.

संध्याकाळी भाचा घरी आला तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. पुरतं पटलेलं नाही त्याला. "लेख वाचतो मामा, पण मराठीत आणून द्या" म्हणाला. जुन्या स्तंभांपैकी दोन मी त्याला मराठीत सांगायचं कबूल केलं, आणि त्याच्याकडून एक मागून घेतलं. उद्या आमदार चषकाचे उपांत्य सामने आहेत. तो तालुक्याच्या संघातून पाच-सहा मोसम गोलंदाजी करतो. उद्या त्याचा सामना नाही, म्हणून माझ्या शेजारी दुसऱ्या माइकवर बसायचं. तो आधी नाही म्हणाला, मग बोलणार काय म्हणाला. म्हटलं, तू नुसतं उत्तर दे. दहा नंतर दव पडतं, टेनिसचा बॉल ओला होतो, तेव्हा स्लोअर, म्हणजे मुद्दाम हळू सोडलेला चेंडू, टाकताना बोटं कुठं ठेवतोस, हे मला कधीच कळलेलं नाही. पहिल्या षटकानंतर तेच विचारणार आहे. चिठ्ठ्या डाव संपल्यावर एकत्र वाचू असा निरोप आयोजकांना आत्ताच पाठवलाय, अजून उत्तर आलेलं नाही.