शर्यतीसाठी अयोग्य

इंग्लंडमध्ये अस्थिशल्यचिकित्सक म्हणून नोकरी सांभाळून उन्हाळ्यातील काही संध्याकाळी मी स्पीडवे या मोटरसायकल शर्यतीच्या मैदानावर डॉक्टर म्हणून उभा असतो. डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर नसतील तर शर्यत सुरूच होत नाही. एरवी मात्र आम्हांला कोणी विचारत नाही. चार रायडर, चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिट आणि मिथेनॉलवर चालणारी ५०० सीसीची, ब्रेक नसलेली मोटरसायकल, एवढाच हा खेळ.

त्या गुरुवारी पहिल्याच वळणावर पुढच्याच्या चाकाला चाक लागून आमचा एक तरुण रायडर हवा भरलेल्या कुंपणावर आदळला. तो स्वतःहून उठताच टाळ्या पडल्या. उठून चालू लागला म्हणजे बरा आहे, अशी प्रेक्षकांची समजूत असते, आणि आयोजकांनाही ती सोयीची वाटते. पिटकडे, म्हणजे रायडर व मेकॅनिक थांबतात त्या जागेकडे, येताना त्याने डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला; म्हणजे उजवा, थ्रॉटलचा हात चालत नव्हता.

अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे मी बोट दाबले. दुखत नाही, असे तो म्हणाला खरा, पण हात झटकन मागे गेला. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड हे काजूसारखे छोटे हाड असते. त्याला मुख्य रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने होत असल्यामुळे ते मध्यावर मोडले तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो, आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये ही मोड अनेकदा दिसतच नाही. म्हणून संशय आला तरी हात जखडून ठेवायचा, हे मी मुंबईत निवासी डॉक्टर असतानाच शिकलो होतो.

पण या रायडरांना बहुधा ठरावीक पगार नसतो. पैसे गुणांमागे मिळतात, आणि इंजिने, टायर, मेकॅनिक, विमानाची तिकिटे हे सारे त्यातूनच भागवायचे असते. ‘अयोग्य’ असे लिहून मी सही केली, तेव्हा त्याचे त्या रात्रीचे उरलेले उत्पन्न बुडाले. २०१५ मध्ये पोलंडमधील झेलोना गुरा येथे शर्यतीत डार्सी वॉर्ड या ऑस्ट्रेलियन रायडरचा कणा मोडला, तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. ज्या खेळाने असे अपघात पाहिले आहेत, तिथे मनगटाचे दुखणे कोण मनावर घेणार?

रात्रीचा एक्स-रे निर्दोष आला, आणि संघाच्या व्यवस्थापकाने तो मला अशा थाटात दाखवला की जणू मीच पकडलो गेलो होतो. रविवारी तो रायडर पोलंडमध्ये शर्यतीत उतरला. तिथल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. असा एक्स-रे समोर असताना आणि रायडर दुखणे नाकारत असताना अडवायचे कशाच्या आधारावर? एमआरआय करून घे, असे मी त्याला पुन्हा सांगितले आहे. हंगाम संपल्यावर करू, असे तो म्हणतो, आणि हंगाम ऑक्टोबरपर्यंत चालतो.