पालक म्हणजे कोण?

2023 च्या दिवाळीसाठी आई-बाबांची तिकिटं बघायला बसलो आणि आकडे बघून लॅपटॉप मिटला. करोना सरून इतके दिवस झाले तरी मुंबई-मेलबर्नचं भाडं काही खाली यायला तयार नव्हतं. त्यात ही बातमी: कतार एअरवेजने आठवड्याला 28 जादा फेऱ्या मागितल्या होत्या, इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सरकारने जुलै 2023 मध्ये नाही म्हटलं. कारण काय, तर राष्ट्रहित! विमानं तयार, आम्ही पैसे मोजायला तयार, आणि घोडं अडलं होतं फायलीत.

खरं सांगायचं तर माझा राग जुनाच आहे. 20 मार्च 2020 ला ऑस्ट्रेलियाने दारं लावली. नागरिकांच्या जवळच्या कुटुंबीयांना तेवढी सवलत. मी यादी उघडली: जोडीदार, अवलंबून असलेली मुलं, कायदेशीर पालक. जीव भांड्यात पडला. पालक म्हणजे आईबापच ना? नाही! अल्पवयीन मुलाचा कायद्याने नेमलेला सांभाळ करणारा तो पालक. चाळिशीतल्या माणसाचे आईबाप यादीतच नव्हते.

आई फोनवर म्हणाली, "मग आम्ही तुझे कोण रे?"

"अगं, सरकारी व्याख्या आहे ती," मी म्हणालो. सरकारची वकिली करायची सवयच लागली होती मला. मे 2021 मध्ये भारतातून परत येणं हाच गुन्हा ठरवला, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 66,600 डॉलरपर्यंत दंड, आणि तोही स्वतःच्या नागरिकांना! तेव्हाही सांगलीच्या मावसभावाला मी ऐकवलं, की इथे माणसं तरी वाचली. वर हेही, की तुमची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं तरी कुठे उडतायत? (ती सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडलं.) मी हे ऐकवत होतो तेव्हा त्याच्या घरी ऑक्सिजन सिलिंडरसाठी धावाधाव चालली होती. हे मला नंतर कळलं.

1 नोव्हेंबर 2021 पासून आईबाप कुटुंबात मोडू लागले. आईच्या कोव्हॅक्सिनलाही इथे त्याच दिवशी मान्यता मिळाली. बाबांची कोव्हिशिल्ड महिनाभर आधीच पास झाली होती, त्यावरून ते अजून आईला चिडवतात.

शेवटी तिकिटं काढली. सिंगापूरमार्गे, मध्ये नऊ तासांचा थांबा.

"व्हीलचेअर सांगू का गं?"

"का? मला काय धाड भरलीये?" मग जरा थांबून, "रांग फार मोठी असते का रे तिथे?"