एका शिलिंगचं तिकीट

काचेवर श्वासाची वाफ धरेल इतकी जवळ जाऊन मी ते तिकीट बघत होते. ३० नोव्हेंबर १८७२, शनिवार, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना, आणि प्रवेश एक शिलिंग. त्या दिवशी चारेक हजार माणसं मैदानावर होती. त्यांचा आरडाओरडा, चिखल, भिजलेले कोट, सगळं दीडशे वर्षांपूर्वीच विरून गेलं. कुणाच्या तरी हातून हा एक कागद फेकायचा राहिला, म्हणून मी आज त्याच्यासमोर उभी होते.

ग्लासगोचं स्कॉटिश फुटबॉल म्युझियम हॅम्पडन पार्क स्टेडियमच्या आतच आहे. ग्लासगो सेंट्रलहून लोकल पकडायची, माउंट फ्लोरिडाला उतरायचं आणि थोडं चालायचं. स्टेडियमचा फेरफटकाही होतो: ड्रेसिंग रूम, बोगदा, गवताची कड. पण माझा जीव त्या काचेच्या पेटीत अडकला होता, म्हणून मी पुन्हा तिथंच आले.

त्या सामन्यात गोलच झाला नाही, ०–०. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू एकाच क्लबचे होते, क्वीन्स पार्कचे. आणि सामन्याचा एकही फोटो नाही! फोटोग्राफर आला होता, पण प्रती विकत घेण्याची हमी खेळाडू देईनात, तेव्हा तो फोटो न काढताच परतला, असं सांगतात. त्यामुळे तो दिवस डोळ्यांनी बघायचा तर विल्यम राल्स्टननं काढलेल्या रेखाटनांवरच भिस्त. हे कळल्यावर मी परत तिकिटाकडे वळले, तर तो चिटोरा मला आधीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटला.

जवळच स्कॉटिश कप आहे, १८७४ पासूनचा. इंग्लंडची एफए कप स्पर्धा याच्याहून जुनी, पण त्यांचा मूळ चषक १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानातून चोरीला गेला तो कायमचाच. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेचा जगातला सर्वांत जुना चषक म्हणून आता याचा मान. स्पर्धा जुनी त्यांची, चषक जुना यांचा. जपणाऱ्याला मिळालेलं हे माप मला फार रास्त वाटलं.

इथं एक घरचं सांगायलाच हवं. माझ्या वडिलांचं खो-खोचं एक प्रमाणपत्र होतं, कडा वाळवीनं खाल्लेलं. घर बदलताना ते रद्दीत गेलं. बांधाबांध मीच करत होते. बाबा काही बोलले नाहीत. पण त्या पेटीपुढून माझा पाय लवकर का निघाला नाही, त्याचं हे खरं कारण.

स्टेडियमपासून थोड्याच अंतरावर हॅम्पडन बोलिंग क्लब आहे. हिरवळीवर गोळे घरंगळवायचा शांत खेळ चालतो तिथं. पण हीच पहिल्या हॅम्पडन पार्कची जागा. रेल्वेमार्ग आला आणि क्वीन्स पार्कला १८८३ मध्ये ती सोडावी लागली. क्लबच्या भिंतीवर १८८२ च्या सामन्याचं भलंमोठं चित्र रंगवलंय: स्कॉटलंड ५, इंग्लंड १. त्या संघात अँड्र्यू वॉटसन होता. जन्म ब्रिटिश गयानातला, वर्णानं काळा, आणि १८८१ मध्ये स्कॉटलंडचा कर्णधार. लंडनच्या ओव्हलवर त्याच्या संघानं इंग्लंडला ६–१ नं हरवलं. स्कॉटलंडकडून तो तीन सामने खेळला आणि तिन्ही जिंकला. तरी पुढं कित्येक दशकं पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू म्हणून दुसऱ्याच खेळाडूचं, आर्थर व्हॉर्टनचं नाव घेतलं जाई. संघाच्या जुन्या फोटोत वॉटसन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. नुसतं जपून भागत नाही, जपलेलं कुणीतरी उघडून बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिचेल लायब्ररी गाठली. हिरव्या घुमटाची ही १९११ ची इमारत महामार्गाच्या अगदी काठावर आहे. शहराचं अभिलेखागार इथंच. मी आले होते मोहम्मद सलीमसाठी.

सलीम कोलकात्याचा फुटबॉलपटू, तिथल्या मोहम्मडन स्पोर्टिंग क्लबचा. १९३६ मध्ये तो ग्लासगोला आला आणि इथल्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने खेळला, तेही अनवाणी, पायाला नुसत्या पट्ट्या बांधून. दोन्ही सेल्टिकनं जिंकले: गॅल्स्टनविरुद्ध ७–१, हॅमिल्टनविरुद्ध ५–१. सेल्टिकचा प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी वाकून त्याच्या पायाला पट्टी बांधतोय, असा एक फोटो आहे. गोरा माणूस खाली वाकलेला, समोर हिंदुस्थानी खेळाडूचं पाऊल, आणि साल १९३६! पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या हातांकडेच बघत होते.

सामन्यानंतर एका स्कॉटिश वर्तमानपत्रानं ‘इंडियन जगलर – न्यू स्टाइल’ असा मथळा दिला होता, तो मला ठाऊक होता. मला त्या दिवसांची हवा हवी होती. मायक्रोफिल्मचं रीळ यंत्रात कसं चढवायचं, ते तिथल्या बाईंनी न कंटाळता दोनदा दाखवलं. मूठ फिरवली की पानं पळायची, थांबवली की अक्षरं थरथरत स्थिर व्हायची. ऑगस्ट १९३६ लावला. हा बर्लिन ऑलिम्पिकचा महिना! १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८–१ नं हरवलं, आणि २८ तारखेला सलीम गॅल्स्टनविरुद्ध उतरला. ध्यानचंदही उत्तरार्धात बूट काढून खेळला म्हणतात. दोन आठवड्यांच्या आत युरोपातली दोन मैदानं आणि आपली अनवाणी पावलं. या दोन गोष्टी मी आजवर कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. डोळे दुखेपर्यंत बसले.

सलीमला घरची ओढ लागली आणि काही महिन्यांतच तो परतला. पुढं उतारवयात तो आजारी असताना त्याच्या मुलानं सेल्टिकला पत्र लिहिलं. पैसे मागायला नव्हे, वडील तिथं कुणाच्या आठवणीत आहेत का, एवढंच जाणून घ्यायला. क्लबकडून उत्तर आलं आणि सोबत शंभर पौंडांचा ड्राफ्ट. घरच्यांनी तो वटवला नाही, जपून ठेवला. ग्लासगोतल्या काचेच्या पेट्या मोठ्याच, पण कोलकात्याच्या एका घरातला तो न वटवलेला कागद मला त्यांच्याच रांगेतला वाटतो.

संध्याकाळ हाताशी होती, म्हणून पुन्हा लोकलनं दक्षिणेकडे गेले, कॅथकिन पार्कला. पहिली जागा सोडल्यावर क्वीन्स पार्कनं केलेलं हे दुसरं हॅम्पडन. नंतर इथं थर्ड लॅनार्क क्लब खेळायचा, १९०४ चा लीगविजेता, दोनदा स्कॉटिश कप जिंकलेला. १९६७ मध्ये क्लब बंद पडला आणि मैदानाची बाग झाली. पण प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून आहेत. त्यांच्यामधून झाडं उगवून उंच वाढली आहेत आणि लाल रंगाचे कठडे त्या झाडांत उभे आहेत. इथं ना काच, ना तिकीट, ना पहारेकरी. खाली चार-पाच मुलं चेंडू मारत होती. चेंडू वर आला की सगळ्यांत धाकटा पळत यायचा.

मी एका कठड्याला टेकून उभी राहिले, चांगला अर्धा तास. हाताला गंज लागला. रुमालानं पुसला आणि तो रुमाल घडी घालून लोकलच्या तिकिटासोबत पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.