पेनड्राइव्ह फॉरमॅट मागतोय, करू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्याआधी आतेभावानं विचारलं, त्याच्याआधी त्याच्या मित्रानं, आणि मधल्या काळात ज्यांचा माझा काही संबंध नाही अशा दोघा-तिघांनी. प्रश्न ठरलेला: ‘पेनड्राइव्ह लावला की आधी डिस्क फॉरमॅट करा असं येतंय. करू का?’ फोन बहुधा रात्री येतो, कारण सकाळी काहीतरी सादर करायचं असतं आणि ते नेमकं त्यातच असतं.

मी उलट विचारते, ‘आतलं काही हवंय का?’ नको असेल तर खुशाल फॉरमॅट करा आणि झोपा. हवं असेल तर त्या चौकटीवर ‘रद्द करा’ दाबा, पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा आणि पुढचं वाचून होईपर्यंत त्याला हात लावू नका.

ती चौकट असं बोलते, की जणू फॉरमॅट हाच इलाज. तिला म्हणायचं असतं एवढंच, की मला हे वाचता येत नाही. पेनड्राइव्हवरची फाइल सलग एका जागी असेलच असं नाही, ती तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असू शकते. लपवलेल्या चिठ्ठ्यांचा खेळ आठवा: एका चिठ्ठीत पुढची कुठे आहे ते लिहिलेलं, तिच्यात त्यापुढची. फॅट३२ या फाइली मांडायच्या पद्धतीत या सगळ्या चिठ्ठ्यांचा एक तक्ता असतो, आणि तो तक्ता कुठे सुरू होतो हे अगदी पहिल्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे ड्राइव्हवरचा छोटा कप्पा), म्हणजे बूट सेक्टरमध्ये, लिहिलेलं असतं. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह उपटला आणि तेवढाच भाग बिघडला, तरी विंडोज हात वर करतं आणि ड्राइव्हपुढे ‘रॉ’ असं लिहून मोकळं होतं. फाइली बहुतेक जागच्या जागी असतात.

फॅट३२ जुनी आहे, १९९६ सालची, पण जुन्या माणसांसारखी सावध. तिच्यात तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात आणि बूट सेक्टरचीही एक नक्कल, साधारणपणे सहाव्या सेक्टरमध्ये. तिची अडचण वेगळी: ४ जीबीची फाइल तिच्यात मावत नाही. म्हणून मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट या तिच्यानंतरच्या पद्धतीत येतात, आणि एक्सफॅटमध्ये बूट भागाची नक्कल असली तरी तक्ता बहुतेक वेळा एकच असतो.

आता माझी चूक सांगते, कारण हे सगळं मी तिच्यामुळेच शिकले.

आत्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. वर्षानुवर्षं स्वतः टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका एकाच पेनड्राइव्हवर. दुसरी प्रत नाही, कारण ‘हाच तर जपून ठेवलाय’. एक दिवस त्यातले काही फोल्डर उघडेनात, काहींची नावं चिन्हांची झाली. मी हुशारीनं चेकडिस्क, म्हणजे ड्राइव्ह तपासणारी विंडोजची सोय, चालवलं, दुरुस्तीचा पर्याय लावून. दोन मिनिटांत ‘चुका दुरुस्त केल्या’ असा संदेश आला आणि मी आत्याला फोन करून झालं म्हणून सांगितलं. तिनं उघडलं तर फोल्डर गायब, आणि त्यांच्या जागी ‘फाउंड’ नावाचा एकच फोल्डर, आत तीनशेच्या वर फाइली, सगळ्यांचं आडनाव (नावातल्या टिंबानंतरचं एक्स्टेन्शन) सीएचके, नावाच्या जागी नुसते क्रमांक.

‘काय गं, दुरुस्त केलंस म्हणालीस ना?’

केलं होतं, हेच तर दुखणं. चेकडिस्कला तुमच्या फाइलींशी कर्तव्य नसतं. हिशोब जुळला पाहिजे, ही त्याची नोकरी. ज्या तुकड्यांचा मालक सापडला नाही ते त्यानं बेवारस म्हणून एका खोलीत कोंबले आणि वही स्वच्छ केली. त्याआधी मी पेनड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल काढली असती तर मागे फिरता आलं असतं. मी मूळ वहीतच खाडाखोड केली होती.

म्हणून आता क्रम उलटा. आधी नक्कल, मग उपचार, आणि उपचार नकलेवर. नक्कल म्हणजे फाइली कॉपी करणं नव्हे, त्या तर दिसतच नाहीत. अख्ख्या ड्राइव्हची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, एक मोठी इमेज फाइल काढायची. लिनक्सवर त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याची रीत मला फार आवडते: जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, अडेल ते सोडून पुढे जायचं आणि अवघड जागांकडे शेवटी परत यायचं. कुठवर आलो याची नोंदही ते एका फाइलीत ठेवतं, मध्येच बंद पडलं तर तिथूनच पुढे. (परीक्षेचा पेपर असाच सोडवा, असं आत्या मुलांना सांगायची.) विंडोजवाल्यांना टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरमधूनही इमेज काढता येते. इमेज संगणकावर ठेवायची, त्याच पेनड्राइव्हवर नाही. हसू नका, तसं करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

मग त्या इमेजवर आधी टेस्टडिस्क. ते बूट सेक्टर नकलेवरून परत बसवू शकतं, फोल्डर नावांसकट दाखवू शकतं. ते जमलं नाही तर त्याचंच भावंड, फोटोरेक. दोन्ही क्रिस्तोफ ग्रनिए यांची, दोन्ही फुकट. फोटोरेक तक्त्याकडे ढुंकून पाहत नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक बाइटनी होते, ते त्या खुणा हुंगत जातं. यात फाइलींची मूळ नावं जातात आणि तुकड्यांत विखुरलेल्या फाइली अर्धवट येतात, पण सलग लिहिलेले फोटो आणि कागदपत्रं बरीच हाती लागतात.

हे सगळं कधी करायचं? विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्ह त्याच्या खऱ्या आकारासह दिसत असेल तेव्हा. त्याआधी हब काढून थेट दुसऱ्या पोर्टला लावून पाहा, दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. निम्मे फोन इथेच मिटतात. ड्राइव्हचं नाव येतंय पण ‘नो मीडिया’ असं दिसतंय, तर आतला कंट्रोलर, म्हणजे मेमरी सांभाळणारी चिप, जागा आहे आणि मेमरीशी त्याचं बोलणं बहुधा तुटलंय. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर काही करणार नाही. काहीच दिसत नसेल, किंवा वाकलेला असेल, लावताच चटका बसण्याइतका तापत असेल, तर परत परत लावून पाहू नका. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या, नसेल तर सोडून द्या.

‘राइट प्रोटेक्टेड’ येतंय, कुलूप कसं काढू, असंही विचारतात. बाजूला बारीकसा खटका आहे का ते आधी बघा. नसेल तर बऱ्याचदा मेमरी झिजलेली असते, राखीव जागा संपत आलेली असते, आणि कंट्रोलर स्वतःच लिहिणं बंद करतो. वाचणं चालू ठेवतो. जाता जाता तो तुम्हाला सामान न्यायला वेळ देतोय, आणि तुम्ही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, शिरून त्याच्याशी भांडताय! फाइली उतरवून घ्या आणि नवा आणा.

सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झाले असतील तर तो व्हायरस. फाइली बहुधा नुसत्या लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका, अँटिव्हायरस चालवा, मग ॲट्रिब आज्ञेनं लपवल्याची खूण काढा.

एकाच ठिकाणी मी हात टेकते. पेनड्राइव्ह खोट्या आकाराचा असेल तर. आत मेमरी ८ जीबीची आणि कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवलेलं. तो सगळं घेतो, नावं दाखवतो, आणि खरी जागा संपल्यावर आलेलं एकतर कुठेच ठेवत नाही किंवा आधीच्यावरच लिहितो. जे लिहिलंच गेलं नाही त्याला फोटोरेक काय करणार आणि नवस काय करणार? नवा पेनड्राइव्ह आणला की रिकामा असतानाच खरा आकार तपासणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री, एकदा चालवा. तासभर जाईल, जाऊ द्या.

आत्याच्या प्रश्नपत्रिकांचं पुढे काय झालं, हेही विचारतात. सीएचके फाइलींची सुरुवात मी एकेक करून पाहिली. नव्या वर्डच्या फाइली आतून झिप असतात, त्यांची सुरुवात ‘पीके’ या दोन अक्षरांनी होते. झिपचा कर्ता फिल कॅट्झ, त्याची ती आद्याक्षरं. तशा फाइलींचं आडनाव बदललं की उघडत होत्या. मग आत्या शेजारी बसली. पहिलं गणित वाचायची आणि सांगायची, ‘हौद आणि दोन नळ, ही आठवीची, सहामाही.’ तीन रविवार गेले. एकवीस प्रश्नपत्रिका तिलाही ओळखता आल्या नाहीत. त्या अजून क्रमांकानंच आहेत, तीन ठिकाणी.